गाडी किती देते

बुलढाणा जिल्ह्यात जुन्या मोटरसायकलवरून आलेल्या अनोळखी माणसाला 'कुठले तुम्ही' असं आधी विचारत नाहीत. तुम्ही टपरीसमोर गाडी लावता, हेल्मेट काढून हँडलला अडकवता, तोवर बाकावरचा कोणीतरी टाकीकडे बघतो, चेनीकडे बघतो, सायलेन्सरकडे बघतो, आणि चहाचा घोट घेऊन म्हणतो, "किती देते?"

आमच्या कुडाळच्या बाजूला पहिला प्रश्न 'खंयचे?' आणि दुसरा 'कोणाचे?'. या दोन प्रश्नांत माणसाची सात पिढ्यांची माहिती निघते. इकडे गाडीच्या ॲव्हरेजवरून निघते. जास्त सांगितलं तर थापाड्या, कमी सांगितलं तर गाडीची हयगय करणारा, आणि 'माहीत नाही' म्हटलं तर मग बाकावर सरकून जागाही देत नाहीत.

मला खरंच माहीत नव्हतं. आणि त्या आकड्यासाठीच मी एवढ्या लांब आलो होतो.

गाडी माझी नव्हती, भास्करदादाची होती. मी आठवीत शाळा सोडून भोसरीला आलो तेव्हा मला ओळखणारं त्या गावात कोणी नव्हतं. प्रेस शॉपमध्ये माझ्या शेजारच्या मशीनवर भास्करदादा होता, उंद्रीचा, चिखली तालुक्यातला. तिसऱ्या दिवशी त्याने माझा डबा उघडून पाहिला, त्यात नुसता पाव होता, आणि संध्याकाळी मला गाडीवर मागे बसवून आपल्या खोलीवर नेलं. लताबाई वहिनींनी काही न विचारता ताट वाढलं. पुढची चार वर्षं मी त्या एका खोलीत पडद्याच्या अलीकडे झोपलो. आईबापांनंतर माझ्यावर कोणाचं ऋण असेल तर त्या दोघांचं. ते फेडायचा विचार मी कधी केला नाही, कारण फिटणार नाही हे मला माहीत आहे.

मागच्या वर्षी दादा माळ्यावरून शिडीसकट खाली आला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण उभ्याने मशीनवरचं काम संपलं. दोघं गावाला गेली. गाडी माझ्याकडे राहिली. शंभर सीसीची काळी गाडी, मला मिसरूड फुटायच्या आधीची.

या हिवाळ्यात दादाचा फोन आला. "दिगू, गाडी घेऊन ये. लताले पाहिजे."

मग त्याने सगळं सांगितलं. दादाला आठवड्यातून तीनदा व्यायामासाठी चिखलीच्या दवाखान्यात जावं लागतं. एसटी तिच्या मर्जीने येते, आणि आली तरी तिच्या पायऱ्या दादाला चढवत नाहीत. वहिनी शेजारणीच्या मशीनवर शाळेचे गणवेश शिवतात, ते पोचवायलाही चिखलीच. वहिनींना मोटरसायकल येते. भोसरीच्या मैदानात रविवारी दादाने शिकवली आणि मी मागून पळालो, त्यामुळे मी साक्षीदार आहे. पण दादाचे वडील, आबा, यांचं म्हणणं वेगळं होतं. जुनी गाडी पेट्रोल पिते, ती एक्स्चेंजमध्ये देऊन नवी घेऊ, आणि ती मलकापूरला जिनिंगमध्ये कामाला असलेल्या धाकट्याकडे राहील. म्हणजे वहिनी पुन्हा एसटीच्या फाट्यावर.

"शेवटी आबा म्हणले, पन्नास देत असंन तं राहू द्या," दादा म्हणाला. "मी म्हणलो साठ देते. आता तू आण अन् दाखव."

मी फोन ठेवला आणि मला घाम फुटला. साठ? माझ्या हातात तिने कधी किती दिले ते मी मोजलंच नव्हतं.

देऊळगाव राजा

पुण्याहून निघून नगरला टाकी फुल्ल केली, हिशेब केला. छप्पन. माझा जीव भांड्यात पडला. जालन्याच्या पुढे पुन्हा फुल्ल केली. त्रेचाळीस. जीव भांड्यातून बाहेर आला.

जालना सोडून जिल्ह्याच्या हद्दीत शिरलो तेव्हा दुपार कलली होती. आमच्याकडे रस्ता म्हणजे दोन बाजूंनी झाडांची भिंत आणि मध्ये वळणं. पुढच्या वळणावर काय आहे ते देवाला ठाऊक. इथे रस्ता सरळ जातो आणि तुम्हाला तासभर आधी दिसतं की तुम्ही कुठे जाणार आहात. दोन्ही बाजूंना काळी जमीन, तुरीचे पिवळे तुरे, कापसाची बोंडं फुटलेली. आणि समोरून वारा. डोंगर नाही, झाड नाही, त्याला अडवणारं कोणी नाही. मी अंगावरचं जाकीट घट्ट केलं आणि एकच विचार करत राहिलो, की इंजिनाचा आवाज आधी असाच होता का?

देऊळगाव राजाच्या पुढच्या एका गावात दादाची मावशी राहते. 'तिथे रात्रभर टेक' असं दादाने सांगितलं होतं. मावशींनी रात्रभरचे दोन दिवस केले.

"कुठं चालला? उद्या जाशील. अंग बघ कसं धुळीनं भरलंय. गजू, भौला पाणी काढ."

या भागात बोली अजून मराठवाड्याकडची आहे, मला सहज कळायची. चिखलीपासून ती बदलते, 'ला' चा 'ले' होतो. मावशींनी पहिल्या संध्याकाळी तुरीच्या हिरव्या शेंगा मीठ घालून उकडल्या आणि परातभर समोर ठेवल्या. आम्ही तुरीची डाळ खाणारी माणसं, शेंग कशी सोलतात हे मला गजूने दाखवलं. दुसऱ्या दिवशी वांग्याचं भरीत, ज्वारीची भाकरी आणि शेंगदाणा तेलात कालवलेला ठेचा. मी दोन घास ठेचा खाल्ला आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मावशींना वाटलं मला आईची आठवण आली. त्यांनी पाठीवरून हात फिरवला. आठवणही आलीच होती, म्हणून मी ठेच्याचं नाव घेतलं नाही.

दुपारी त्या मला झोपायला लावायच्या. पाहुणा जागा राहिला तर घरच्यांना कमीपणा, अशी तिथली समजूत. मी गाढ झोपायचो. उठल्यावर गाडी ओट्याजवळ, जिथे लावली तिथेच, उलट पुसलेली. मला गजूचं फार कौतुक वाटलं.

निघताना मी मीटर बघितलं, आकडा आलो तेव्हाचाच होता. चिखलीच्या अलीकडे टाकी भरली आणि पंपावरच हिशेब केला.

अडतीस.

मी पुन्हा केला. पुन्हा अडतीस. पंपावरच्या लिंबाखाली मी किती वेळ बसून राहिलो ते आठवत नाही. डोक्यात एकच होतं. दादाने मला घर दिलं आणि मी त्याची गाडी खलास करून त्याच्या दारात उभी करणार.

चिखली

दादाने बजावलं होतं, घरी यायच्या आधी गाडी रहीमचाचाला दाखव. चाचांनी हे इंजिन पूर्वी एकदा पूर्ण उघडून बांधलेलं. बसस्टँडच्या पलीकडे त्यांचं गॅरेज आहे. मोठा देह, मेंदीने रंगवलेली दाढी, आणि आवाज असा की समोरच्या टपरीला चहा सांगायला उठावं लागत नाही.

त्यांनी इंजिनाला पेचकस लावला, त्याची मूठ कानाला टेकवली, डोळे मिटले.

"किती देते?"

"अडतीस," मी म्हणालो.

डोळे उघडले. "मग तं बोर गेला बाप्पा. पिस्टन, रिंगा, सगळं गेलं. खोलना पडेगा."

"चाचा, नक्की?"

"चाळीस वर्षं झाले मले. आवाजावरून सांगतो मी. मागे एकाची गाडी मी फोनवर ऐकून सांगितली."

त्यांनी पाना घेतला. पहिला बोल्ट सैल होतो न होतो, तोच माझा फोन वाजला. गजू. पोचलात का विचारायला. माझे हात ऑइलचे, म्हणून स्पीकरवर लावला, आणि रडवेल्या आवाजात त्याला सगळं सांगून टाकलं.

"अडतीस?" गजू म्हणाला. "मग भौ, आमचं धरलं का नाही तुम्ही?"

"तुमचं काय?"

"दोन दिवस गाडी आम्हीच फिरवली ना. खत आणलं, आत्याला सोडून आलो, नंतर मळ्यात चार चकरा झाल्या. भास्करदादाची गाडी म्हणजे घरचीच."

"अरे, पण मीटर तर होतं तिथेच होतं."

"मग, केबल काढून ठेवली होती!" गजूच्या आवाजात एवढा अभिमान होता, की मला त्याच्यावर रागावताच आलं नाही. "पाहुण्याच्या गाडीचं मीटर वाढवायचं का? बरं दिसतं का ते? एक किलोमीटर पडू दिला नाही आम्ही. पेट्रोल टाकायचं तेवढं राहून गेलं भौ, टाकणारच होतो."

चाचांनी पाना खाली ठेवला. आधी त्यांचं पोट हललं, मग खांदे, मग ते टायरीच्या ढिगावर बसले आणि फडक्याने डोळे पुसू लागले. समोरचा टपरीवाला काय झालं म्हणून बघायला आला. त्यालाही सांगावं लागलं. त्याने पुढच्या दुकानात सांगितलं.

"चाचा, म्हणजे बोर?" मी विचारलं.

"बोर एकदम झकास हाय," चाचा म्हणाले. "मी तं आधीच म्हणलं होतं."

म्हणजे अडतीस खोटे. पण मग त्रेचाळीस? आणि छप्पन? चाचांनी मला खोदून खोदून विचारलं. टाकी भरताना गाडी मेन स्टँडवर होती की साइड स्टँडवर? नगरला साइड स्टँडवर, जालन्याला मेन स्टँडवर. "मंग? गाडी तिरपी असली तं टाकी तोंडापर्यंत भरतच नाही. नगरले कमी भरली म्हणून छप्पन दिसले, जालन्याले ते बाकीचंही भरलं म्हणून त्रेचाळीस. गाडीनं काय केलं त्यात?" टायरीत हवा कधी भरली? आठवत नव्हतं. वारा समोरून होता? होता. सामान? दादाच्या घरची दोन पितळी पातेली आणि वहिनींची भोसरीत राहिलेली शिलाई मशीन मागे बांधलेली होती, स्टँडशिवाय असली तरी लोखंडीच ती.

मग चाचा माझ्या मागे बसले आणि म्हणाले, चालव. मेहकर रस्त्याला थोडं गेल्यावर त्यांनी माझ्या उजव्या गुडघ्यावर थाप मारली.

"पाय ब्रेकवर काऊन ठेवला बे?"

मी बघितलं. पाय ब्रेकच्या पॅडलवर होता. मला कधी जाणवलंच नव्हतं. मी गाडी शिकलो ती सुट्टीत गावी, उतारावर. एका बाजूला दरी, दुसऱ्या बाजूला ओढा, आणि कुठून म्हैस येईल त्याचा नेम नाही. आमच्याकडे ब्रेकवरून पाय काढणाऱ्याला लोक बेजबाबदार म्हणतात.

"इथं कुठं घाट हाय? इथून सरळ मेहकर दिसते," चाचा म्हणाले. "अख्ख्या पुण्यापासून तू ब्रेक दाबून आला. गाडी रडत आली असंन."

त्यांनी मागचं चाक उघडलं, चिकटलेले ब्रेक मोकळे केले. एअर फिल्टरमधून धूळ आणि कापसाचा पिंजलेला गोळा निघाला, तो मला तळहातावर ठेवून दाखवला. हवा भरली, चेन ओढली. आणि जाताना एक सलाईनची रिकामी बाटली दिली, नळीसकट. टाकीचा कॉक बंद करायचा, नळी कार्बोरेटरला जोडायची, मोजून पेट्रोल ओतायचं आणि संपेपर्यंत चालवायचं. "हा खरा हिशेब. बाकी सगळ्या गप्पा."

उंद्री

दादा अंगणात वॉकर धरून उभा होता. बारीक झाला होता. त्याने आधी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मग गाडीच्या सीटवर. वहिनींनी पदराने शिलाई मशीनवरची धूळ पुसली. मग म्हणाल्या, "वाळला तू. जेवत नाही का?" त्या रात्री सोल्यांची, म्हणजे तुरीच्या हिरव्या दाण्यांची आमटी, भाकरी आणि कढी होती. कढी आमच्याकडे सोलांची असते, लाल. ही ताकाची, आणि गरम गरम भुरकायची. मी तीनदा घेतली.

आबा जेवून झाल्यावर बोलले. उंच, ताठ, डोक्याला पांढरी टोपी, दोन म्हशींच्या दुधावर आणि कोरडवाहू शेतीवर घर चालवलेला माणूस. वहिनी त्यांच्यासमोर पदर घेऊन उंबऱ्याच्या आत उभ्या.

"किती देते?"

मी बाटलीचं सांगितलं. आबांना ते पटलं. पण माप माझं नको, गॅरेजवाल्याचंही नको. दुधाचं जुनं अर्ध्या लिटरचं माप त्यांनी फळीवरून काढलं. टाकी रिकामी करायची, बाटलीत अर्धा लिटर ओतायचं. चिखलीच्या बाजूला साडेबारा किलोमीटर झाले की वळायचं. परत दारात आली तर पन्नास, नाही आली तर एक्स्चेंजवाला परवा येतोच आहे. जाताना वारा समोरून असला तर येताना मागून असेल, कोणाची तक्रार नको.

"अन् मी सोबत राहीन," आबा म्हणाले. "मागे बसून बाटली मी धरतो. मंग मले दिसते."

मी म्हणालो, "ठीक आहे आबा, मी सावकाश चालवतो."

"तू काऊन?" दादा खाटेवरून म्हणाला. "आबा, हाताहातावर गाडी बदलते. हा परवा पुण्याकडं जाईन निघून. जे चालवणार हाय तिचं मोजा ना."

आबांची अडचण मला जरा उशिराच कळली. सुनेच्या मागे गाडीवर सासरा बसलेला त्या गल्लीत कोणी बघितला नव्हता. न बसावं तर आकडा दुसऱ्याच्या तोंडून ऐकावा लागणार, आणि आबांनी आयुष्यात दुसऱ्याचं माप मानलेलं नाही.

वहिनी उंबऱ्यातून म्हणाल्या, "मी चालवतो. आबांनी बसाव की नाही ते त्याईनं ठरवाव." त्या बाजूच्या बायका 'मी चालवतो' असंच म्हणतात.

आबांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. "गावाबाहेर बसीन मी," ते म्हणाले. "फाट्यापर्यंत चालत येतो."

सकाळी ऊन कोवळं असतानाच वहिनींनी पदर कमरेला खोचला आणि गाडी हाताने ढकलत फाट्यापर्यंत नेली, म्हणजे एक थेंबही गल्लीत जळायला नको. साडेबारा किलोमीटर मात्र फाट्यापासून मोजायचे, म्हणजे फाटा ते दार एवढं अंतर येताना उलट जास्तच कापायचं. ते वहिनींनीच सुचवलं आणि आबांनी मान हलवली. मी शेजाऱ्यांची गाडी मागून घेतली होती आणि पिशवीत पेट्रोलची दुसरी बाटली. दादा दारात खुर्ची टाकून बसला.

फाट्यावर आबा आजूबाजूला बघून पटकन मागे बसले. एका हातात सलाईनची बाटली उंच, दुसऱ्या हाताने कॅरिअर घट्ट. वहिनींनी किक मारली. मी मनात रवळनाथाला गाऱ्हाणं घातलं.

गाडी चालली. मागून बघताना मला आधी दिसली ती ती बाटली, सकाळच्या उन्हात केशरी, आबांच्या मुठीत झेंड्यासारखी. रस्त्यावरचा प्रत्येक माणूस थांबून बघत होता. एक बैलगाडीवाला ओरडला, "आबा, कोणाले सलाईन लागलं?"

"गाडीले," आबा म्हणाले. ते हसले नाहीत.

दुसऱ्या एकाने राम राम केला. आबांचे दोन्ही हात गुंतलेले, नुसती मान हलली. एरवी तो माणूस दिसला असता तर आबांनी गाडी थांबवून त्याच्या म्हशीची चौकशी केली असती, हे मला दादाने नंतर सांगितलं. वहिनी कुठे थांबल्या नाहीत, कुठे पळाल्याही नाहीत. मागे माझा काटा चाळिसावर आणि तिथेच. पायाकडे बघितलं, ब्रेकपासून लांब, फूटरेस्टवर नीट टेकलेला.

पण वारा वाईट होता. समोरून यायचा आणि आबांचं धोतर फडफडायचं. बाटलीतली पातळी मला मागूनही दिसत होती आणि वळायच्या जागेच्या बऱ्याच आधी ती निम्म्याखाली गेली. मी गणित केलं. मग ते पुन्हा केलं नाही.

तेवढ्यात एक कापसाचा टेम्पो आम्हाला ओलांडून गेला, पोत्यांनी आकाशापर्यंत भरलेला, फार वेगात नव्हता. वहिनींनी मूठ जराशी पिळली आणि बेताचं अंतर राखून त्याच्या मागे गाडी लावली. मला काही समजेना. पण धोतर फडफडायचं थांबलं. पुढचे कितीतरी किलोमीटर ती दोघं त्या टेम्पोच्या आडोशाने गेली, जसा कोणी भिंतीच्या सावलीतून चालतो. मी मागे उघड्यावर, वारा खात.

वळायच्या जागेवर वहिनींनी इंजिन बंद केलं, पाय टेकले, हातानेच गाडी फिरवली. मी जवळ गेलो.

"वहिनी, हे टेम्पोमागे जायचं कुठे शिकलात?"

"शाळेत जायचो तवा, सायकलीवर. रोजचा वारा होता. दुधाची गाडी आली की तिच्या मागे."

मी आबांकडे बघितलं. आता ते म्हणणार, हे धरायचं नाही.

"वारा काय कोनाच्या बापाचा हाय?" आबा म्हणाले. "चाल."

येताना वारा मागून आला. गाडी अशी चालली, की आवाज जवळजवळ ऐकूच येईना. बाटलीत चार बोटं पेट्रोल उरलं होतं. मग तीन. आबा आता रस्त्याकडे बघतच नव्हते, तोंड वर करून बाटलीकडे बघत होते. फाटा आला. इथे उतरायचं ठरलं होतं. गाडी फाट्यावरून गावात वळली आणि आबा उतरले नाहीत. त्यांना आठवलंच नसावं. बाटली उंच धरून, सुनेच्या मागे बसून, ते चावडीवरून, पारावरून, किराणा दुकानावरून, भर गल्लीतून गेले. बायका दारात आल्या. एक म्हातारी म्हणाली, "माय! आबा कुठं चालले?"

दारात दादा वॉकर न धरता उभा होता. एक हात भिंतीला.

गाडी दाराशी आली. वहिनींनी हँडल वळवायला घेतलं, आणि मागून आबांचा आवाज आला. सगळ्या गल्लीने ऐकला.

"थांबू नको! अजून हाय. संपू दे!"

गाडी दारावरून पुढे गेली. दादाच्या घशातून जो आवाज निघाला तो मी भोसरीत चार वर्षांत कधी ऐकला नव्हता. मीही ओरडत होतो. काय ओरडत होतो ते आठवत नाही, पण मालवणीत होतं.

गावाच्या दुसऱ्या टोकाला, खामगावच्या दिशेने बरंच पुढे, एका लहान पुलाजवळ ती दोनदा खोकली आणि थांबली. मी पोचलो तेव्हा आबा कठड्यावर बसले होते, बाटली उलटी करून शेवटचा थेंब पडतो का बघत. वहिनी गाडीवरच होत्या. चेहऱ्यावर धूळ, आणि त्या धुळीत डोळ्यांखाली दोन ओल्या रेघा.

आबांनी मीटर वाचलं. बोटांवर हिशेब केला. "अठ्ठावन," ते म्हणाले. "भास्कऱ्या दोन जास्तीचे सांगते नेहमी."

मी बाटलीची नळी काढून टाकीची जोडली, टाकीत पेट्रोल ओतलं, कॉक उघडला. आम्ही परतलो की दाराशी उभा असलेला दादा मला दिसेल, एवढंच डोक्यात होतं.

"त्या एक्स्चेंजवाल्याले फोन कर," आबा मला म्हणाले. "येऊ नको म्हणा." मग ते कठड्यावरून उठले, धोतर झटकलं आणि दुसरीकडेच बघत वहिनींना म्हणाले, "भास्करले दवाखान्यात नेशीन ते नेशीनच. बाजाराच्या दिवशी मलेही चिखलीले नेत जाय."

वहिनींनी मान वळवली. "तुम्ही मागे बसान?"

"मंग काय पुढं बसू?" आबा म्हणाले. "मले चालवता येते का?"